जुना वस्तरा नीट करायचाय? आधी पाठ बघा, गंज नंतर, आणि मग लाकडाच्या मुठीचं सगळं

जुना वस्तरा हातात आला की पहिली इच्छा एकच होते, घासून चकचकीत करायची. गंज दिसतो, काळे डाग दिसतात, हात शिवशिवायला लागतात आणि माणूस पॉलिश पेपर घेऊन बसतो. मला इथेच सगळ्यात जास्त काळजी वाटते, कारण शंभर वर्षं ड्रॉवरमधे पडून वस्तऱ्याचं जेवढं नुकसान होत नाही तेवढं एका संध्याकाळच्या हौसेत होतं. गंज थांबवता येतो, पण घासून गेलेलं स्टील कुठून आणणार? म्हणून या लेखात घासण्याच्या आधी बघण्याबद्दल बरंच आहे, आणि मग मुठीबद्दल, कारण लाकडी मूठ ही शोभेची वस्तू आहे असा एक मोठा गैरसमज आहे आणि तो गेल्याशिवाय मूठ नीट जमत नाही.

आधी वस्तऱ्याची रचना समजून घेऊ. घरातली सुरी दगडावर घासताना कोन आपण हाताने सांभाळतो, मनगट हललं की कोन हलला. वस्तऱ्याला ती भानगडच नाही. पातं दगडावर आडवं ठेवायचं, वरची जाड पाठ पण टेकलेली आणि खालची धार पण टेकलेली, आणि तसंच सरकवायचं. म्हणजे पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी या दोन मापांवर धारेचा कोन ठरतो, आपल्या हातात काहीच नाही. रुंदी इंचाच्या आठव्या भागात मोजायची पद्धत आहे, ५/८ आणि ६/८ ही मापं सगळ्यात जास्त दिसतात. ५/८ म्हणजे साधारण १६ मिलिमीटर. त्याला पाठ साडेचार मिलिमीटर असेल तर दोन्ही बाजू धरून धारेचा कोन साधारण १६ अंश येतो. आता समजा पाठीवरचा गंज काढताना जोर लावून अर्धा मिलिमीटर पाठ घासली, तर तोच कोन साडेचौदा अंशाच्याही खाली जातो. इतकी बारीक धार लागते छान, पण टिकत नाही, दाढी करता करता तिचे कण तुटतात. आणि पाठ एका टोकाला जास्त घासली गेली असेल तर अजून वाईट, कारण मग पात्याच्या या टोकाला एक कोन आणि त्या टोकाला दुसरा. म्हणून म्हणतो, वस्तरा स्वतःचा कोन स्वतःच्या अंगावर घेऊन फिरतो, आणि तो कोन पाठीवर लिहिलेला असतो.

जुना वस्तरा विकत घेताना किंवा कुणाकडून मिळाला तर दिव्याखाली पाठ तिरकी धरून बघा. पाठीच्या कडेला दोन्ही बाजूंना सपाट चमकणारी पट्टी दिसेल, दगडावर घासून घासून झालेली. ती पट्टी अरुंद असेल आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी असेल तर वस्तरा नीट वापरलेला आहे. ती टोकाकडे रुंद होत गेली असेल, किंवा एका बाजूला दोन मिलिमीटर आणि दुसऱ्या बाजूला अर्धाच असेल, तर पुढे धार लावताना त्रास होणार हे पक्कं समजा. धारेची रेघ पण बघा. ती सरळ असावी किंवा किंचित बाहेर फुगलेली, हसणाऱ्या ओठांसारखी. मधे आत गेलेली धार, म्हणजे रडका चेहरा, ही खूप मेहनत मागते.

मग तडे. धारेवर केसाएवढा तडा असेल तर तो वस्तरा दाढीसाठी संपला, त्यावर वेळ घालवू नका. तडा कसा शोधायचा, तर धार अंगठ्याच्या नखावर अगदी हलकी टेकवायची आणि नखावरून सरकवत जायचं, जोर जवळजवळ शून्य. जिथे तडा असेल तिथे पातं नखावर वाकताना कडेची रेघ तुटल्यासारखी दिसते, सलग चमकायच्या ऐवजी मधेच एक काळी फट उघडते आणि पुढे मिटते. चांगलं भिंग असेल तर उत्तम.

यानंतर खड्डे. गंज दोन प्रकारचा दिसतो, एक लाल-तपकिरी, भुसभुशीत, बोटाला लागतो, हा जिवंत गंज आहे आणि तो पुढे खात राहतो. दुसरा काळा किंवा करडा, घट्ट बसलेला, हा बऱ्यापैकी शांत असतो, तो पूर्ण काढलाच पाहिजे असं काही नाही. खरा प्रश्न असतो खाली किती खोल खड्डा आहे याचा, आणि त्याहून मोठा प्रश्न तो कुठे आहे याचा. पाठीवर, मधल्या भागावर खड्डे असतील तर ते राहू द्यावेत असं माझं स्पष्ट मत आहे, त्यांनी दाढीला काही फरक पडत नाही. पण धारेपासून एक-दोन मिलिमीटरच्या आत काळे ठिपके असतील तर सावध. धार लावत लावत आपण त्या खड्ड्यापर्यंत पोचतो आणि मग धार तिथे जाळीसारखी तुटते. २०२० साली एमआयटीच्या संशोधकांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दाखवलं की केस स्टीलपेक्षा सुमारे ५० पट मऊ असूनही धारेचे कण उडवू शकतो, आणि ते होतं धारेत जिथे स्टील सारखं नाही तिथे. त्यांनी साधी डिस्पोजेबल ब्लेड वापरली होती, पण गंजाने पोखरलेली धार म्हणजे अशा कमजोर जागांची रांगच की.

पात्यावरचा शिक्का जपा. पात्याच्या मागे जो जाडसर दांडा असतो त्याला टँग म्हणतात, शिक्का तिथेच असतो. इंग्लंडमधलं शेफिल्ड, जर्मनीतलं झोलिंगेन, फ्रान्समधलं टियेर, स्वीडनमधलं एस्किलस्टूना ही या कामाची मोठी गावं. शेफिल्डला १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समनने मुशीत वितळवून एकसारखं स्टील काढायची पद्धत बसवली आणि त्यामुळे जुन्या शेफिल्ड वस्तऱ्यांवर ‘कास्ट स्टील’ असं अभिमानाने कोरलेलं दिसतं. ती पाती जाड, पाचरीसारखी भरीव. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे दोन्ही बाजूंनी खोल पोखरलेली पातळ पाती आली, त्यात झोलिंगेनने नाव काढलं. आणि एक उपयोगी खूण, अमेरिकेच्या १८९० च्या कायद्यामुळे १८९१ पासून तिथे जाणाऱ्या मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं, त्यामुळे नुसतं ‘शेफिल्ड’ न लिहिता ‘इंग्लंड’ पण लिहिलेलं असेल तर वस्तरा बहुतेक त्यानंतरचा. पुढे १९०३ मधे जिलेटचा बदलत्या ब्लेडचा रेझर बाजारात आला आणि पहिल्या महायुद्धात तो अमेरिकन सैनिकांच्या हातात गेला, तिथून वस्तऱ्याचे दिवस फिरले. ही सगळी माहिती त्या एका सेंटिमीटरच्या शिक्क्यात असते, म्हणून तिथे पॉलिश पेपर लावायचाच नाही. पात्यावर सोनेरी अक्षरं किंवा नक्षी असेल तर तिलाही हात लावू नका, तो सोन्याचा थर इतका पातळ असतो की मेटल पॉलिशच्या दोन फडक्यांत जातो.

आता कामाला लागू. दुसऱ्याने वापरलेला वस्तरा आहे, रक्ताशी संबंध आलेला, त्यामुळे आधी साबण-पाण्याने साफ करा, लगेच कोरडा करा आणि ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने चांगला भिजवून पुसा. सगळं काम झाल्यावर, पहिल्या दाढीच्या आधी, हे परत करायचंय. दुसरं, धार मारून टाका. काचेच्या बाटलीच्या कडेवर दोन-तीनदा अगदी हलकं ओढलं की धार बोथट होते, तिच्यावर टेप लावा. यात स्टील काही जात नाही म्हणावं इतकं कमी जातं, आणि बोटं वाचतात. घासताना वस्तरा नेहमी निसटतो, हे होणारच आहे असं धरून चाला.

जुनी मूठ बघा कशाची आहे. शिंग, हाड, हस्तिदंत, कासवाची पाठ, नंतर काळं व्हल्कनाइट रबर आणि सेल्युलॉइड, जुन्या मुठी मुख्यतः या सगळ्यांच्या असायच्या. लाकूड त्यामानाने कमी. शिंगाची मूठ फक्त रुक्ष झाली असेल तर तेलात ठेवून ती परत छान होते, तिला टाकून लाकूड बसवायची घाई करू नका. पण सेल्युलॉइड सडायला लागलं असेल तर ते काढावंच लागतं. सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर. ते म्हातारं झालं की त्यातून आम्लाची वाफ निघते आणि ती शेजारच्या स्टीलला खाते. ओळखायची खूण सोपी आहे, वस्तरा मिटल्यावर जेवढा भाग मुठीच्या आत जातो तेवढ्याच भागावर दाट गंज आणि बाहेर राहणारी पाठ स्वच्छ. मुठीला भेगांचं जाळं पडतं, ती चिकट होते किंवा तिचा भुगा होतो, तिखट वास येतो. अशी मूठ दुसऱ्या वस्तऱ्यांजवळ ठेवायची नाही, आणि तापलेली सुई टोचून सेल्युलॉइड आहे का बघायचं हा उद्योग तर अजिबात नको, ते पेट घेतं. बहुतेक जण लाकडाकडे वळतात ते अशा मेलेल्या मुठीमुळेच.

पिन काढताना हातोडी घेऊन सरळ ठोकायला जाऊ नका. पिनेचं गोल डोकं बारीक कानशीने घासून सपाट करायचं, मुठीला टेप लावून ठेवायची म्हणजे कानस लागणार नाही, मग खाली भोक असलेला लाकडाचा ठोकळा ठेवून बारीक पंचने पिन हळूच ढकलायची. मूठ म्हणजे दोन पातळ पट्ट्या, त्यांच्या टोकाला मधे बसवलेली पाचर जपून ठेवा. पाचर म्हणजे शेपटाकडचा तो छोटा निमुळता तुकडा. ती करडी, जड आणि मऊ लागली तर शिशाची आहे, जुन्या वस्तऱ्यांत असायची, ती घासायची नाही आणि हात धुवायचे.

पात्याच्या सफाईचं मी थोडक्यात सांगतो कारण यात युक्ती फार नाही, धीर आहे. दोन दिवस हलक्या तेलात भिजवा, मग सगळ्यात बारीक स्टील वूलने, म्हणजे चार शून्यवाल्या, लाल गंज काढा आणि थांबा. खरंच थांबा. बऱ्याचदा एवढ्यावरच वस्तरा वापरण्यासारखा होतो. अजून करायचं असेल तर पाण्यात चालणारा वॉटर पेपर, ४०० पासून ६००, ८००, १०००, २००० असं वर जात, तेल लावून, पेपर बुचाच्या तुकड्याला गुंडाळून म्हणजे बोटाच्या दाबाने लाटा पडत नाहीत, आणि प्रत्येक नंबरला दिशा बदलून, म्हणजे आधीच्या नंबरचे ओरखडे गेले की नाही ते दिसतं. पाठीच्या त्या सपाट पट्टीवर पेपर न्यायचा नाही. धारेकडे ढकलत घासायचं नाही, पाठीकडून सुरू करून लांबीच्या दिशेने.

मशीनबद्दल मात्र जास्त बोलतो. माझा एक वस्तरा असाच गेला. छान झोलिंगेनचं पातळ पातं होतं, ठिपके चारच होते, हातात फिरणारं मशीन घेऊन फेल्टचं चाक लावलं, तीस सेकंदसुद्धा झाले नसतील, आणि धारेजवळ आधी गवताच्या काडीसारखा पिवळा आणि मग एक निळा पट्टा उमटला, नखाएवढा. तो निळा रंग म्हणजे स्टील तिथे ३०० अंश सेल्सियसच्या आसपास पोचलं होतं. वस्तऱ्याचं स्टील कडक करून नंतर साधारण २०० अंशाच्या आतच उतरवलेलं असतं, त्याच्या वर गेलं की कडकपणा जातो आणि तो नुसता पॉलिश करून परत येत नाही. रंग पुसला जातो, स्टील मात्र तिथे मऊच राहतं. त्या वस्तऱ्याला मी नंतर कितीही धार लावली तरी त्या नखाएवढ्या जागेत ती दुसऱ्या दाढीला वाकायची. पातळ कडेला उष्णता पळून जायला जागाच नसते, त्यामुळे ती क्षणात तापते. मशीन वापरायचंच असेल तर हातात मोजे न घालता पातं उघड्या बोटांनी धरा, बोटाला गरम लागलं की पाण्यात बुडवा, आणि चाक नेहमी धारेकडून बाहेर फिरलं पाहिजे, धारेच्या आत नाही, नाहीतर ते पातं हिसकावून फेकतं.

आता लाकूड, माझ्या आवडीचा भाग.

मुठीच्या पट्ट्या फक्त अडीच ते तीन मिलिमीटर जाड असतात आणि त्यांना रोज पाणी, साबण, वाफ सोसायचीय. लाकूड ओलाव्याने आडवं फुगतं, लांबीत जवळजवळ नाही, म्हणून तंतू लांबीच्या दिशेने जाणारेच हवेत. सरळ रेषांचं, दाट, तेलकट लाकूड चांगलं, शिसवी, एबनी, कोकोबोलो, ऑलिव्ह. गाठींचं, भोवऱ्यांचं लाकूड दिसायला अप्रतिम असतं पण त्याचे तंतू आखूड आणि वेडेवाकडे, पिनेच्या भोकाशी किंवा शेपटाच्या वळणावर ते सरळ तुटतं. तेच हवं असेल तर आतून पितळेचा पातळ पत्रा किंवा फायबरची पट्टी चिकटवा, किंवा रेझिन मुरवलेलं लाकूड घ्या. ओक मात्र टाळा, त्यात टॅनिन भरपूर, ओला ओक लोखंडाला लागला की काळानिळा डाग पडतो आणि स्टील गंजतं. शिसवी जातीच्या लाकडांचा भुसा कित्येकांना त्रास देतो, खाज, शिंका, श्वास लागणं, आणि हे एकदा सुरू झालं की वाढतच जातं, तेव्हा मास्क लावूनच घासा.

कापायच्या आधी कागदावर आखा. पात्याची बाहेरची रेघ कागदावर उतरवून कापून घ्या, टँगच्या भोकात टाचणी टोचा आणि ते कागदी पातं उघडून-मिटून बघा. तीन गोष्टी बघायच्या. मिटल्यावर धार पूर्णपणे मुठीच्या आत गेली पाहिजे. पात्याचं टोक पाचरीला लागता कामा नये. आणि पाठ थोडी बाहेर राहिली पाहिजे. एवढ्या पाच मिनिटांच्या कामाने पुढचे दोन दिवस वाचतात, मला याचा नेहमी फायदा झालाय.

मग दोन्ही पट्ट्या दुहेरी टेपने एकमेकींना चिकटवा आणि एकच तुकडा असल्यासारख्या कापा, घासा, भोकं पाडा. भोकं एकत्रच पाडायची, ड्रिल अगदी उभं. पिन १/१६ इंची पितळी तारेची असते, म्हणजे साधारण १.६ मिलिमीटर. भोक किंचित तिरकं गेलं तर पातं मिटताना एका पट्टीला जाऊन घासणार आणि मग धारच लाकडाला लागणार. टँगचं भोक वापरून मोठं झालं असेल तर त्यात पितळी नळीचा तुकडा बसवता येतो.

आता पाचर. लोकांना वाटतं ती नुसती जागा भरायला आहे, पण मुठीचं सगळं काम तिच्यावर चालतं. टँगशी दोन पट्ट्यांमधे जेवढं अंतर असतं त्यापेक्षा पाचर थोडी कमी जाड असते, आणि ती स्वतः निमुळती असते, बाहेरच्या टोकाला पातळ आणि आतल्या टोकाकडे जाड होत गेलेली. दोन्ही टोकं पिनेने आवळली की पट्ट्या मधे किंचित बाहेर फुगतात, धनुष्यासारख्या. त्या ताणामुळे दोन गोष्टी होतात, एक तर पात्याला मधोमध मोकळी जागा मिळते, आणि दुसरं म्हणजे पट्ट्या टँगला दोन्हीकडून सारख्या दाबून धरतात, त्यामुळे पातं ढिलं होऊन उघडत नाही आणि धार लाकडापासून लांब राहते. पाचर सपाट ठेवली तर पट्ट्या सरळ राहतात, ताण नाही, आणि वर्षभरात पातं लोंबकळायला लागतं. म्हणून पाचर थोडी जाडच करा आणि बारीक स्क्रू-नट लावून जोडून बघा, काढा, दोन हात पेपर मारा, परत जोडा. बारीक स्क्रू हे फक्त चाचणीसाठी. मला एका मुठीला अशा सात फेऱ्या लागल्या होत्या आणि सातव्या वेळी पातं मिटताना एकदम बरोबर मधे उतरलं, दोन्हीकडे कागदाएवढी फट.

फिनिश करायची ती जोडायच्या आधी, आणि आतल्या बाजूला पण तेवढीच. बाहेरून चार हात आणि आत कोरडं लाकूड असं ठेवलं तर ओलावा एकाच बाजूने शिरतो, ती बाजू फुगते आणि पट्टी वाकते. इतकी मेहनत घेऊन केलेली पाचर मग काही कामाची राहत नाही. पिनेच्या भोकांमधेसुद्धा काडीने फिनिश फिरवा.

लाकूड १२० पासून २२०, ४००, ६०० पर्यंत घासा, सगळं तंतूंच्या दिशेने. ६०० च्या आधी एकदा ओलं फडकं फिरवून वाळू द्या, दबलेले तंतू उभे राहतात आणि हाताला खरखर लागते, ते शेवटच्या पेपरने कापून टाका. हे आत्ता नाही केलं तर पहिल्या दाढीच्या पाण्याने होईल.

फिनिशमधे मुख्य तीन रस्ते. पहिला तेलाचा, जवसाचं किंवा टंग तेल. हे तेल वाळत नाही खरं तर, ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, लाकडाच्या आतच त्याचं जाळं बनतं. पातळ हात लावायचा, पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं सगळं पुसून काढायचं, एक दिवस थांबायचं, असं पाच-सहा वेळा. हाताला सगळ्यात छान लागतं आणि पुढे कधीही परत लावता येतं, पण पाण्यापासून बचाव मध्यमच. आणि एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत. घट्ट होताना ते तेल उष्णता सोडतं, चुरगाळलेल्या फडक्यात ती अडकते आणि फडकं आपोआप पेटतं, हे खरोखर होतं. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

आता गंमत म्हणजे जी लाकडं वस्तऱ्याला सगळ्यात चांगली, शिसवी, कोकोबोलो, त्यांच्यातलं स्वतःचं तेल आपल्या तेलाला घट्टच होऊ देत नाही. आठवडा झाला तरी चिकट. मग लोक अजून एक हात देतात, अजून चिकट. अशा लाकडाला आधी ॲसिटोनने पुसून लगेच मेण काढलेल्या लाखेचा एक पातळ हात द्या, नंतर वर काय हवं ते. नुसतं लाखेचं पॉलिश, हा दुसरा रस्ता, दिसायला अतिशय सुंदर, आतून उजेड आल्यासारखं, पण लाख अल्कोहोलमधे विरघळते आणि पाणी साचलं की पांढरी पडते. आफ्टरशेव्ह लावलेल्या हाताने धरायची वस्तू आहे ही, तेव्हा रोजच्या वापराच्या वस्तऱ्याला मी तरी वर फक्त लाख देत नाही.

तिसरा रस्ता सुपरग्लूचा. ऐकून विचित्र वाटतं पण पाण्याविरुद्ध सगळ्यात पक्का. पातळ सुपरग्लू टिश्यूने भराभर पसरवायचा, आठ-दहा हात, मधे मधे ६०० ने घासायचं, शेवटी अगदी बारीक पेपर आणि पॉलिश. काचेसारखं होतं. सुती कापड किंवा कापूस वापरू नका, सुपरग्लू कापसाशी मिळून इतका तापतो की धूर येतो आणि हात भाजतो. खिडकी उघडी ठेवा. मला स्वतःला तेलकट लाकडावर हाच रस्ता आवडतो, फक्त शेवटी आरशासारखी चमक थोडी मारून टाकतो, ओल्या हातातून मूठ कमी सटकते.

पिन ठोकण्याच्या वेळी घाई झाली तर आत्तापर्यंतचं सगळं वाया जातं. धारेवर टेप आहे ना बघा. तार दोन्ही बाजूंना वॉशरच्या, म्हणजे पिनेच्या डोक्याखालच्या छोट्या चकतीच्या, वर साधारण एक मिलिमीटर बाहेर राहील इतकीच कापा, टोकं कानशीने सपाट करा. खाली छोटी ऐरण किंवा लोखंडाचा ठोकळा, हातात सगळ्यात छोटी गोल डोक्याची हातोडी. ठोकायचं म्हणजे मारायचं नाही, हातोडी स्वतःच्या वजनाने पडू द्यायची, टिक टिक टिक, पिनेच्या कडेकडेने गोल फिरत, मधोमध नाही. दहा-बारा टिचक्या या बाजूला, मग उलटवून तेवढ्याच त्या बाजूला. कडा हळूहळू खाली वळतात आणि छोटी गोल टोपी तयार होते. आवाज ऐका, पिन सैल असेपर्यंत आवाज बोदा येतो आणि वॉशर घट्ट बसला की एकदम कोरडा, टणक होतो. तिथे थांबायचं. मधे मारलं तर तार टोपी होण्याऐवजी भोकाच्या आतच फुगते आणि लाकूड भोकापासून शेपटापर्यंत चिरतं, माझी एक शिसवीची मूठ अशी शेवटच्या पिनेला गेलीय, म्हणून हे इतकं सांगतोय. आधी पाचरीची पिन, मग पात्याची, आणि पात्याच्या पिनेला दर चार टिचक्यांनी वस्तरा उघडून-मिटून बघा. थोडा घट्ट वाटला पाहिजे, पण एका अंगठ्याने उघडला पाहिजे.

धार सगळ्यात शेवटी. दगड आधी सपाट आहे का बघा. पाठीवर इन्सुलेशन टेपची एक पट्टी लावली तर पाठ झिजत नाही, फक्त तेवढीच जाडी शेवटपर्यंत ठेवायची, टेप फाटला की लगेच बदलायचा. १००० नंबरच्या दगडावर खरं काम होतं, दोन्ही बाजूंचे उतार धारेवर एका रेघेत भेटेपर्यंत. भिंगातून बघताना धारेवर कुठेही पांढरा ठिपका चमकला तर तिथे उतार अजून भेटलेले नाहीत, ती बोथट जागा उजेड परतवते. जोपर्यंत असा एकही ठिपका आहे तोपर्यंत पुढच्या दगडावर जाण्यात अर्थ नाही. त्यानंतर ४०००, ८०००, जमल्यास १२०००, हे फक्त ओरखडे बारीक करण्यासाठी, दाब कमी कमी करत. बेल्जियमचा कोटिक्यूल नावाचा फिकट पिवळा नैसर्गिक दगड असतो, त्यात गार्नेटचे बारीक कण असतात आणि नुसत्या पाण्याचं प्रमाण बदलून तो बरंच काम एकटा करतो. मग पट्टा, आधी कॅनव्हासवर वीस-तीस फेऱ्या आणि मग चामड्यावर पन्नास-साठ, पाठ पुढे धार मागे, आणि उलटताना नेहमी पाठीवरून लोळवायचं, धारेवरून उलटलं तर पट्टा कापला जातो आणि धार पण जाते.

पहिल्या दाढीनंतर मुठीकडे लक्ष द्या. पाणी लाकडावरून शिरण्यापेक्षा पिनेच्या बाजूने, टँग आणि पट्टीच्या मधल्या फटीतून जास्त शिरतं, आणि तिथे फडकं पोचत नाही. टिश्यूची एक बारीक पट्टी त्या फटीतून एका बाजूने घालून दुसऱ्या बाजूने ओढून काढा, पिनेवर हलक्या मिनरल ऑइलचा एक थेंब, पातं पुसून त्यावर तेलाचा पातळ हात, आणि वस्तरा लगेच मिटून डबीत न ठेवता तासभर अर्धवट उघडा, कोरड्या जागी, मुलांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर वाळू द्या.